भाजी भरण्याआधी रबर बघा

रविवारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कोथिंबीर स्वस्त मिळाली की आपण चार जुड्या जास्तीच्या घेतो आणि ओल्याच फ्रिजमध्ये कोंबतो. गार हवा फिरायला जागाच उरत नाही, पाला सडतो. कोथिंबीर निवडून, कोरडी करून, सुती फडक्यात ठेवा. कांदे-बटाटे बाहेरच, तेही वेगवेगळे. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास पुरे. दाराच्या रबराकडे मात्र कुणी बघतच नाही! त्याच्या घड्यांत दुधाचे ओघळ, काळी बुरशी साठते, दार घट्ट बसत नाही आणि कॉम्प्रेसर घरघरत राहतो, वीजबिल वाढतं. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर कोमट साबणपाण्याने रबर पुसा. तरीही निसटला तर रबर बदलून घ्या, नव्या फ्रिजची घाई करू नका.