पावसाळ्यापूर्वीची छोटी तरतूद

मोटार खरेदी करताना ग्राहक किती तरी गोष्टींची बारकाईने चौकशी करतो. कर्जाचा व्याजदर, मासिक हप्ता, विम्याची रक्कम, इंधनाची सरासरी, इतकेच नव्हे तर आसनांच्या कापडाचा रंगदेखील घरातील सर्वांच्या संमतीने ठरतो. दर्शनी काचेवर फिरणाऱ्या दोन रबरी पट्ट्यांविषयी मात्र सहसा एकही प्रश्न विचारला जात नाही. पुढे विम्याची मुदत संपत आल्याचे कंपनी कळवते, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रावर तारीख छापलेली असते, तेल बदलण्याची वेळ गॅरेजवाला सांगतो. वायपरच्या पात्याची अशी कोणतीही तारीख कुणाच्या ध्यानात नसते. ते निकामी झाले आहे हे कळते ते पहिल्या मोठ्या पावसात, आणि त्या वेळी मोटार दुकानासमोर नसते, भर रस्त्यात असते.

म्हणूनच वायपरची पाती बिघडण्याची वाट न पाहता दिनदर्शिका पाहून बदलावीत, हा विचार प्रत्येक वाहनधारकाने स्वीकारण्याजोगा आहे. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण तिच्यावर अवलंबून असणारी गोष्ट क्षुल्लक नाही.

जोधपूरच्या शाखेतून रत्नागिरीला बदली झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याची कल्पना करावी. तीन वर्षांत त्याच्या मोटारीचे वायपर फारसे फिरलेच नाहीत. त्यामुळे ते नव्यासारखेच असणार, असा त्याचा समज आहे. जूनच्या मध्यावर कुटुंबासह कोल्हापूरहून निघून तो संध्याकाळी आंबा घाट उतरू लागतो. पावसाची सर येते आणि वायपर फिरू लागतात. पण पाणी निपटून जाण्याऐवजी काचेवर पसरते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा झोत त्या पाण्याच्या पापुद्र्यात फाकतो आणि क्षणभर सारी काच पांढरीफेक होते. ताशी ४० किलोमीटर इतक्या माफक वेगानेही मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. घाटातील वळणावर ११ मीटर आंधळेपणाने जाणे म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या अधिकाऱ्याची चूक एवढीच की, न वापरलेली वस्तू झिजत नाही असे त्याने गृहीत धरले. हिशेबशास्त्राशी परिचय असणाऱ्याने तरी ही चूक करू नये. यंत्र वापरले नाही म्हणून घसारा थांबत नाही. काळ आपले काम करीतच असतो. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते आणि त्याला सूक्ष्म चिरा पडतात. भारताच्या बऱ्याच भागांत वायपरला वर्षातील आठ महिने काम नसते. पण नेमक्या त्याच महिन्यांत तो तापलेल्या काचेवर पडून असतो. त्याची खरी झीज पावसात नव्हे, तर उन्हात होते.

वायपरच्या जन्माची हकिगतही या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या रहिवासी मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असता, हिमवर्षावात पुढचे काही दिसावे म्हणून ट्रामच्या चालकाला काच उघडावी लागत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यातून त्यांना आतून दांड्याने फिरवता येणारी रबरी पट्टी सुचली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे पेटंट त्यांना मिळाले. तथापि या कल्पनेत व्यापारी मूल्य आहे असे त्या काळी उद्योजकांना वाटले नाही आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत त्यांच्या पदरी काहीच पडले नाही. वायपरकडे दुर्लक्ष करण्याची परंपरा अशी त्याच्या जन्माइतकीच जुनी आहे!

वास्तविक बिघडत चाललेला वायपर पूर्वसूचना देतोच. कर्जखाते अनुत्पादक होण्याआधी जशी काही लक्षणे दिसू लागतात, तशीच ही लक्षणे असतात. ती वाचता मात्र आली पाहिजेत. काचेवर पाण्याच्या बारीक रेघा राहत असतील, तर रबराच्या कडेला खाच पडलेली असते किंवा तिथे माती अडकलेली असते. पाते सरळ न सरकता थडथडत असेल, तर रबर कडक होऊन एकाच बाजूला वाकलेले असते. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी रबराची कड दुसऱ्या बाजूला कलणे अपेक्षित असते. ती कलेनाशी झाली की पाते काचेवर अडखळत चालते. एखादा पट्टा कोरडा न होता तसाच राहत असेल, तर पात्याची चौकट वाकलेली असते किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झालेली असते. संपूर्ण काचेवर धुके आल्यासारखे दिसत असेल, तर दोष बहुधा पात्याचा नसून काचेवर साचलेल्या तेलकट थराचा असतो. त्यामुळे आधी काच आणि रबराची कड स्वच्छ पुसून पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा.

निवड करताना पहिली गोष्ट म्हणजे लांबी. अनेक मोटारींत चालकाच्या बाजूचे पाते लांब आणि दुसरे आखूड असते. ही मापे मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असतात. लांब पाते घेतल्यास काच अधिक पुसली जाईल हा भ्रम आहे. अशी पाती एकमेकांवर किंवा काचेच्या चौकटीवर आदळतात. दुसरी गोष्ट म्हणजे दांड्याला बसणारी जोडणी. आकडा, खाच, खिळा असे तिचे निरनिराळे प्रकार असल्याने जुने पाते सोबत नेणे इष्ट. तिसरी गोष्ट म्हणजे पात्याचा प्रकार. धातूच्या चौकटीचे पारंपरिक पाते स्वस्त असते; परंतु किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत त्याचे सांधे गंजण्याचा संभव असतो. चौकट नसलेल्या सपाट पात्यात स्प्रिंगची पोलादी पट्टी असते. काचेवर सर्वत्र सारखा दाब पडावा म्हणून तशी रचना केलेली असते. सिलिकॉनची पाती महाग असली तरी ऊन अधिक सोसतात. काही पात्यांची केवळ रबरपट्टी बदलता येते; चौकट सुस्थितीत असेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बदलताना एक दक्षता अवश्य घ्यावी. पाते काढल्यावर उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटू शकतो आणि काच तडकू शकते. घडी घातलेला जाड टॉवेल काचेवर अंथरला की हे संकट टळते.

निगा राखणे तर त्याहून सोपे आहे. कोरड्या, धुळीने माखलेल्या काचेवर वायपर कधीही फिरवू नये. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेहून कठीण असतात. सकाळच्या घाईत धूळ झटकण्यासाठी फिरवलेला वायपर काचेवर कमानीसारखे कायमचे ओरखडे उठवू शकतो. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर, हा क्रम पाळावा. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने रबराची कड पुसावी. मोटारीला चकाकी यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्याने रबर फुगते आणि काचेवर तेलाचा थर राहतो. फवाऱ्याच्या टाकीत शक्यतो बोअरवेलचे जड पाणी भरू नये. त्यातील क्षार काचेवर साचतात. शक्य असेल तेव्हा मोटार सावलीत उभी करावी, हे तर ओघानेच आले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, काम भागत असताना दरवर्षी पाती बदलणे ही उधळपट्टी आहे. काटकसर हा गुण आहेच. पण काटकसर आणि चालढकल यांत फरक आहे. सर्वसामान्य मोटारीची पात्यांची जोडी काहीशे रुपयांत मिळते. ओरखडे उठलेली काच बदलायची झाल्यास हजारो रुपये मोजावे लागतात. आणि काचेमागे कॅमेरा बसविलेल्या नव्या मोटारींत काचेबरोबर त्या कॅमेऱ्याची जुळणीही पुन्हा करावी लागत असल्याने खर्च आणखी वाढतो. हा खर्च विमा कंपनी देईल, या भरवशावरही राहता येत नाही. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार झीज आणि घसारा यांपोटी होणारे नुकसान वगळलेले असते. शिवाय पुढील काचेला सुस्थितीतील वायपर असणे हे केवळ सोयीचे नव्हे, तर बंधनकारकही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०१ क्रमांकाचा नियम त्याविषयीच आहे. वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळून वेळ मारून नेणारे चालक आजही आढळतात. त्यांच्या युक्तीचे कौतुक करता येईल, अनुकरण मात्र करू नये.

प्रश्न उरतो तो तारखेचा. या विशाल देशात पाऊस सर्वत्र एकाच दिवशी येत नाही आणि बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात, ११ जूनला मुंबईत आणि २७ जूनच्या सुमारास दिल्लीत पोहोचतो. आसामात मार्च-एप्रिलपासूनच वादळी सरी येऊ लागतात. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. म्हणजे सर्वांना एकच तारीख सांगून भागणार नाही.

सुदैवाने मराठी माणसाच्या घरी याची सोय आधीच झालेली आहे. साडेतीन मुहूर्तांवर मोटार घरी आणण्याची हौस मोठी. त्या दिवसांपूर्वी बँकांच्या वाहनकर्ज विभागात होणारी लगबग याची साक्ष देते. ज्या मुहूर्तावर मोटार घेतली जाते, त्याच मुहूर्तावर तिची एवढी काळजीही घेतली जावी. गुवाहाटीत राहणाऱ्याने गुढीपाडव्याला, मुंबई, नागपूर, इंदूर वा दिल्लीत राहणाऱ्याने अक्षय्य तृतीयेला आणि चेन्नईत राहणाऱ्याने दसऱ्याला वायपरची पाती बदलावीत. दसऱ्याला वाहनाची पूजा होते, झेंडूचा हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. तो हार बांधताना हात वायपरपर्यंत जातोच. त्याच हाताने त्या रबराची कड एकदा चाचपून पाहिली, तर घरच्या माणसांच्या सुखरूप प्रवासासाठी केलेल्या त्या पूजेला खऱ्या अर्थाने पूर्णत्व येईल.