कापलेल्या रकमेसाठी अर्ज लेखीच हवा

पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर जमा होतात. हा पैसा बी-खतासाठी आहे. थकलेल्या पीककर्जापोटी तो परस्पर वळता करून घेणे अथवा खात्यास ‘होल्ड’ लावणे आमच्या मते अन्यायाचे आहे. परंतु बँकेच्या खिडकीशी वाद घालून रक्कम परत मिळत नाही. शेतकरी बंधूंनी शाखाधिकाऱ्यांस लेखी अर्ज देऊन कपातीचा आधार विचारावा व अर्जाची पोच घ्यावी. राष्ट्रीयीकृत बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास, किंवा ते समाधानकारक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पोच नसेल तर तक्रार लंगडी पडते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज लिहून देण्याचे काम बियाणे-वाटपाइतकेच अगत्याचे मानावे.