आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे

मराठीत 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे दोन वेगळे शब्द आहेत. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. ज्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला तो गुन्हेगार. पण टीव्ही लावा किंवा मोबाइलवर बातम्या उघडा, अटकेच्या पहिल्याच दिवशी 'नराधम' सापडतो, त्याच्या 'मुसक्या आवळल्या' जातात आणि 'कबुली' तर हमखास असते. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला ही नुसती शब्दांची चूक वाटत नाही. त्याने माणसं मोडतात.

आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. 18 जून 2017 ला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवलं. मोहद गावात त्या विजयाचा जल्लोष केला, या आरोपावरून 15 मुस्लिम पुरुषांना अटक झाली, राजद्रोहाचं कलम लागलं. बातमी देशभर गेली. काही दिवसांतच पोलिसांनी ते कलम मागे घेऊन दुसरं लावलं. तक्रारदार म्हणून ज्याचं नाव होतं, त्या हिंदू गावकऱ्यानेच पत्रकारांना सांगितलं की अशा घोषणा आपण ऐकल्याच नाहीत. तरी खटला चालू राहिला. 2019 मध्ये आरोपींपैकी एकाने आत्महत्या केली. ऑक्टोबर 2023 मध्ये बाकीचे निर्दोष सुटले. सहा वर्षं! अटक झाली होती हे सांगणारे मला आजही भेटतात. ते सुटले हे सांगणारा क्वचितच.

आता त्या 'कबुली'बद्दल. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात तसं होतं, 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कारण उघड आहे: कोठडीत काहीही वदवून घेता येतं. म्हणजे कोर्ट ज्याला पुरावा मानत नाही, त्यावर आपण चहा पिता पिता निकाल देऊन मोकळे होतो.

चेहऱ्याचंही तेच. आरोपीच्या तोंडावर काळं फडकं टाकतात ते त्याची लाज राखायला नव्हे, पुढे ओळख परेड व्हायची असते म्हणून. फोटो आधीच घरोघर पोचला असेल, तर साक्षीदाराने माणूस ओळखला की फोटो? बचावाचा वकील हे विचारणारच. म्हणजे घाईच्या बातमीने निर्दोष माणूस भरडला जातो आणि खरा गुन्हेगार सुटूही शकतो.

कुणी म्हणेल, मीडिया नसता तर जेसिका लाल प्रकरणात न्याय मिळाला असता का? मान्य आहे. 2006 मध्ये आरोपी सुटल्यावर वर्तमानपत्रं आणि लोक उठले, आणि त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने मनू शर्माला दोषी ठरवलं. मोहदमध्येही तक्रारदाराचं म्हणणं बाहेर आलं ते पत्रकारांमुळेच. पण गावात जाऊन विचारणं वेगळं आणि स्टुडिओत बसून शिक्षा सुनावणं वेगळं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2021 मध्ये हेच बजावलं: तपास चालू असताना होणारी मीडिया ट्रायल न्यायदानात अडथळा आणते.

न्यायाधीशावर परिणाम होत नाही, असंही म्हणतात. आम्ही कॅथलिक लोक पवित्र सप्ताहात दुःखसहनाचा वृत्तांत वाचतो, तेव्हा जमावाचे शब्द सगळी मंडळी मिळून मोठ्याने म्हणतात. पिलाताला त्या माणसात दोष सापडला नव्हता, तरी त्याने जमावाचं ऐकलं. ते शब्द दरवर्षी आपल्याच तोंडी येतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. जमाव म्हणजे दुसरे कुणी नाहीत.

आपल्या मंडळातले काही जण उद्या पत्रकार होतील. त्यांना माझं सांगणं एवढंच, की 'आरोपी' हा शब्द निकाल लागेपर्यंत सोडू नका, आणि अटकेची बातमी पहिल्या पानावर दिलीत तर सुटकेचीही तिथेच द्या. बाकीच्यांनी निदान पुढे ढकलण्याआधी एकदा विचारावं: निकाल लागलाय का?