*कार्बोरेटर फेकू नका, आधी खोला*



आजचा मेसेज औषधाचा नाही, औषध मारणाऱ्या इंजिनाचा आहे. गोडी छाटणी तोंडावर आलीय. पोंगा फुटल्यापासून फुलोऱ्यापर्यंत केवडा कधी येईल सांगता येत नाही. रात्री पाऊस झाला, पान ओलं राहिलं, की सकाळी फवारा व्हायलाच पाहिजे. त्या सकाळी दोरी ओढून ओढून हात दुखले आणि पंप चालूच झाला नाही, तर महागडं बुरशीनाशक बाटलीतच राहतं. टोमॅटोवाल्यांचंही तसंच. जुनी पेट्रोल ओम्नी नाहीतर जीप क्रेट भरून पिंपळगावच्या रस्त्याला मिसिंग मारायला लागली, की लिलावाची वेळ टळते.

अशा वेळी दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "इथेनॉलच्या पेट्रोलने वाट लावली." दुसरं, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." माझं मत असं, की पहिलं अर्धंच खरं आहे आणि दुसरं बऱ्याचदा घाईचं असतं.

*इथेनॉलचा वाटा किती?*
ई-२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभर पोचलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ भाग. नवीन इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला डोकं नाही, जेटच्या भोकातून जेवढं येतं तेवढंच येतं. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, सकाळी लवकर पकडत नाही. जुन्या पद्धतीचे रबरी पडदे, ओ-रिंगा आणि नळ्या फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह खाली बसतं आणि वाटीला आतून गंज धरतो.

हे सगळं खरं. पण आपल्या मक्याला आणि उसाला याच इथेनॉलमुळे गिऱ्हाईक वाढलंय, हेही विसरून चालणार नाही. आणि हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून पंप चार महिने शेडमध्ये कोण टाकतं? आपणच. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो. तो साध्या पेट्रोलनेही बसायचा.

*खोलायचा कसा?*
१) इंजिन थंड करा. पेट्रोलचा कॉक बंद करा. जवळ बिडी-काडी नको. खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा.
२) मिक्श्चर स्क्रू आधी हलक्या हाताने आत फिरवून किती आटे जातात ते मोजून लिहा, मगच बाहेर काढा. बसवताना तेवढेच आटे ठेवा.
३) वाटी उघडा. फ्लोट हलवून त्यात पेट्रोल शिरलंय का बघा. फ्लोटच्या पिनच्या टोकाला गोल खाच पडली असेल, तर ओव्हरफ्लो तिथूनच होतोय.
४) मेन जेट आणि स्लो जेट काढून क्लीनर मारा, मग कॉम्प्रेसरची हवा द्या. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. *जेटमध्ये लोखंडी तार किंवा दाभण घालू नका.* भोक केसभर मोठं झालं तरी इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि काळा धूर मारतं.
५) रबर आणि पडदे क्लीनरमध्ये बुडवू नका. नवीन किटमधले टाका. किट घेताना "इथेनॉलला चालणारं रबर आहे का?" असं विचारून घ्या.
६) पेट्रोलची जुनी नळी आणि फिल्टर त्याच वेळी बदला. नाहीतर आठ दिवसांत तीच घाण परत जेटमध्ये येईल.

पाठीवरच्या दोन-स्ट्रोक पंपाला ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलंय त्याच प्रमाणात मिसळा. पातळ मिश्रणात ऑइलही कमी पडलं, तर पिस्टन जाम होतो.

*नवा कधी घ्यायचा?*
थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवला आणि खडखड वाजला, किंवा वाटी गंजून छिद्र पडलं, तर किट टाकून उपयोग नाही. तिथून हवा आत शिरणारच. तेव्हा खुशाल नवा घ्या. पण कारण बघून घ्या, दुकानदार म्हणतो म्हणून नको.

*कंपनीकडे माझी मागणी*
आपण बियाणं आणि खतं एकत्र आणतो. मग पंपाचे किट का नाही? सभासदांकडे कोणते पंप, कोणती मॉडेल आहेत याची यादी करावी. त्याप्रमाणे किट आणि नळ्या गोदामात ठेवाव्यात आणि छाटणीआधी एक दिवस गावातल्या जुन्या मिस्त्रीला बोलवावं. ज्याला हाताने कार्बोरेटर खोलता येतो असे मिस्त्री कमी होत चाललेत. त्यांच्या शेजारी आपली दोन पोरं बसली, तर हे काम गावात टिकेल. पुढच्या सभेत हा विषय मांडणार आहे. पटत असेल तर तुम्हीही बोला.

तोपर्यंत एवढं करा. आज संध्याकाळी पंप बाहेर काढा, जुनं पेट्रोल काढून ताजं टाका आणि दहा मिनिटं चालवून बघा. हंगाम संपला, की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा.

पंपाचं मॉडेल आणि अडचण या नंबरवर लिहून पाठवा, यादीत घेतो.

– आपला कृषी सल्लागार