साठीनंतर कुणी आवडलं, तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या दोन बातम्या गेल्या काही वर्षांत देशभर गेल्या. मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र उतरवायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, घोसरवाडच्या वृद्धाश्रमात सत्तर वर्षांच्या बाई आणि पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ बोहल्यावर उभे राहिले. त्यांचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर आले, लोकांनी तोंडभर कौतुक केलं.

कौतुक झालं, कारण लग्न लागलं होतं. त्या दोघांनी लग्न न करता नुसतं संध्याकाळी एकत्र फिरायचं, नाटकाला जायचं, महिन्यातून एकदा कुठे लांब जाऊन यायचं, असं ठरवलं असतं तर? त्याच लोकांनी काय नावं ठेवली असती, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

मी लिहिते आहे ते कोल्हापुरातल्या साठीपुढच्या एकट्या माणसांसाठी. जोडीदार गेलेली, घटस्फोट झालेली, लग्नच न केलेली, सगळी. यातल्या कितीतरी जणांना पुन्हा संसार नको असतो. चाळीस वर्षं डबे भरलेल्या बाईला आता कुणाचं पथ्यपाणी सांभाळायचं नसतं. पण आपण काय बोलतो ते ऐकणारं, आपल्यापेक्षा वेगळं काही वाचणारं, ‘चला, आज पन्हाळ्याला जाऊ’ म्हणणारं कुणीतरी हवं असतं. नात्यात नसलेल्या पुरुषाबरोबर समोरासमोर बसून मिसळ खाणं हादेखील काही बायकांसाठी आयुष्यातला पहिला अनुभव असतो. तो घ्यावासा वाटला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वय झालं म्हणजे ओढ संपते, हे आपण एकमेकांना इतकं बजावलंय की ज्याला ओढ वाटते तो स्वतःलाच आजारी समजतो.

रंकाळा तलावावर सकाळी नीट बघा. पुरुषांचा कट्टा वेगळा, बायकांचा वेगळा. दोन्हीकडे तीच बीपीची गोळी, तीच गुडघेदुखी, तोच परदेशातला मुलगा. अनेकांची वर्षानुवर्षं तोंडओळख आहे, पण ‘बरं आहे ना?’ यापलीकडे शब्द नाही, कारण चौथा शब्द बोलला की तिसरा माणूस बघतो. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला, तिथे दोन एकट्या म्हाताऱ्या माणसांनी एका बाकावर बसून चहा प्यायला आजही धाडस लागतं.

ते धाडस करा. पण पहिल्या दोन-चार भेटींतच आपल्याला काय हवं आणि काय नको, ते तोंडाने सांगा. ‘मला लग्न करायचं नाही. आठवड्यातून एकदा भेटायला आवडेल. पुढचं मला आज सांगता येत नाही.’ एवढं बोलायला मिनिट लागत नाही, पण लोक वर्ष-वर्ष बोलत नाहीत. एकाला वाटतं, आपण मोकळेपणाने भेटतोय. दुसरी व्यक्ती मनात घर मांडून बसते. मग एक जण बाजूला होतो आणि दुसऱ्याला ते दुःख कुणाला सांगताही येत नाही, कारण मुळात भेटीच चोरून चाललेल्या असतात. सत्तरीतलं मन तरुण मनाइतकंच दुखावतं. सावरायला मात्र भोवती तितकी माणसं नसतात.

ज्यांचा जोडीदार घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. घरी बायको असताना ‘आमचं फक्त नावापुरतं आहे’ असं सांगत फिरणारे गृहस्थ प्रत्येक पेठेत आहेत. बायकांनो, असा माणूस कितीही गोड बोलला तरी उठून या.

पुरुषांना मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते या सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमच्यासाठी जो नवा अनुभव आहे, त्याची किंमत तिच्यासाठी फार वेगळी असते. दोघं एकत्र दिसलात तर तुमच्या पाठीवर थाप पडते, ‘काय अण्णा, रंगात आलाय!’ तिच्या दारावरून जाताना मात्र शेजारीण बोलायची थांबते, भिशीतून तिचं नाव गळतं, सून घुश्शात वावरते. म्हणून कट्ट्यावर तिच्याबद्दल एक अक्षर बोलू नका. तिचा फोटो, तिचा मेसेज मित्राला दाखवू नका. आणि भेटी थांबवायच्या असतील तर समोर बसून सांगा. फोन उचलायचा बंद करून सांगू नका.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने हे फार छान हाताळलं. एका गृहस्थांनी त्यांना देवल क्लबातल्या गाण्याला येता का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, ‘येते. रिक्षाचे पैसे निम्मे माझे. आणि परतताना गल्लीच्या तोंडाशी सोडू नका, दारात सोडा. लपून गेले असं नको व्हायला.’ त्या रात्री रिक्षा दारात थांबली, समोरच्या काकूंनी पडदा सारून पाहिलं. बाईंनी खालूनच हाक मारली, ‘झोपला नाही होय अजून? गाणं ऐकून आले!’ दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं ते गाणं कसं झालं एवढंच. नेहमीच इतकं सोपं जाईल असं मी म्हणत नाही. पण उघड केलेल्या गोष्टीवर कुजबुज फार दिवस टिकत नाही.

आता पैशाचं. लग्न न करण्यामागे बऱ्याचदा पेन्शन असते, आणि ते कारण खरं आहे. नवऱ्याच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन काही ठिकाणी पुनर्विवाह केल्यावर थांबतं, म्हणून आपल्याला लागू असलेला नियम आधी विचारून घ्या. साखर कारखान्यात, गिरणीत नोकरी केलेल्यांची जी ईपीएस 95 ची पेन्शन, तीही विधवेला पुनर्विवाहापर्यंतच मिळते. पण सोबतीचा मार्ग निवडणाऱ्यांनी दुसरी बाजूही समजून घ्यावी: लग्नाशिवायच्या जोडीदाराला वारसाहक्काने काही मिळत नाही. कुणाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि ओळख नवी असताना घर, ठेव, दागिना यातलं काहीही कुणाच्या नावावर करू नका, उसनेही देऊ नका. आज ना उद्या रुग्णालयाचं बिल, मुलाची फी, अडकलेला व्यवहार अशी गोष्ट निघाली, तर ‘मुलांशी बोलून सांगते’ एवढं उत्तर पुरे. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

मोबाइलवरच्या ओळखीबाबत तर दुप्पट सावध राहा. परदेशातला इंजिनिअर, विमानतळावर अडकलेली भेटवस्तू, ती सोडवायला भरायचे पैसे: या जाळ्यात शिकलेली माणसं सापडली आहेत. अनोळखी व्हिडिओ कॉल घ्यायचाच नाही. कपडे उतरवलेली बाई दाखवून आपला चेहरा टिपतात आणि मग धमक्या सुरू होतात. फसलात तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. घरात छळ होत असेल, सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. पहिल्या भेटी दिवसाउजेडी, माणसांत करा: टाउन हॉलची बाग, शाहू स्मारकातला एखादा कार्यक्रम. कुठे, कुणाबरोबर जातोय, ते एका तरी विश्वासू माणसाला सांगून निघा.

शरीराबद्दल बोलायला आपण कचरतो. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक 1927 ते 1953 इतकी वर्षं चालवलं. शंभर वर्षं होत आली तरी आपण डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसतो. स्पष्ट सांगते. पाळी गेल्यावर दिवस जाण्याची भीती संपते, संसर्गाची संपत नाही. म्हणून निरोध वापरा. औषधाच्या दुकानातला पोरगा ओळखीचा असेल तर दुसऱ्या पेठेतल्या दुकानात जा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ताकदीची म्हणून विकली जाणारी गोळी तिच्याबरोबर घेणं जिवावर बेतू शकतं. रक्तदाब एकदम कोसळतो. मित्राने दिली म्हणून घेऊ नका. बायकांना या वयात कोरडेपणामुळे त्रास होतो, त्याला साधे उपाय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि यातलं काहीच नको असेल तर ‘नको’ म्हणायचा हक्क पासष्टाव्या वर्षीही पूर्ण तुमचा आहे. नुसती सोबत हीच कितीतरी जणांची खरी गरज असते.

मुलांनो, सुनांनो, तुम्हालाही दोन शब्द. आई नटून बाहेर पडली की तुमच्या मनात पहिल्यांदा घराचे कागद येतात. ती काळजी खोटी नाही, पण ती मोकळेपणाने बोला. ‘तू मृत्युपत्र केलंस तर आम्ही निर्धास्त’ असं म्हणा. टोमणे मारू नका, नातवंडांसमोर अपमान करू नका. बाबांची चहा प्यायची मैत्रीण घरी आली तर तिला खुर्ची द्या, पाणी द्या, नाव विचारा. तीही कुणाची तरी आई असेल, हे विसरू नका.

आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती. पुण्यात माधव दामले यांनी 2012 मध्ये ज्येष्ठ नागरिक लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं. एकट्या स्त्री-पुरुषांना मेळाव्यांत, सहलींत एकमेकांना भेटता येतं, पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात. कोल्हापूरला तसंच मंडळ हवं असं नाही. आपण लहान सुरुवात करू. वाढदिवस आणि आरोग्य शिबिरं यांच्या जोडीला महिन्यातून एक संध्याकाळ फक्त एकट्या सभासदांसाठी ठेवा. पाऊस उघडला की पन्हाळ्याची एक सहल काढा. बायकांची बस आणि पुरुषांची बस असलं काही करू नका. येणाऱ्याकडून जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद पाहून घ्या, लग्नच न केलेल्यांकडून तसं लेखी घ्या, म्हणजे घरी बायको असलेले गृहस्थ आपोआप गळतील. पहिल्याच बैठकीला पोलिसांच्या सायबर शाखेतलं कुणी आणि एखादे वकील बोलवा. नावनोंदणी सभासद बायकांपैकी एखादीकडे द्या. तिच्या वहीतला फोन नंबर, ज्या बाईचा आहे तिला विचारल्याशिवाय, कुणालाही मिळता कामा नये, संघाच्या अध्यक्षांनाही नाही.