पायाळू ट्रान्झिस्टर

बुधवारी रात्री पावणेदहाला बॅटरी जोडली, गिटारची तार छेडली आणि अॅम्पमधून जो काही आवाज आला, तो ऐकून आमचा रूममेट आतून ओरडला, ‘अरे, कुकर बंद कर!’

कुकर नव्हता मंडळी. तो माझा फझ पेडल होता. तीन वीकएंड घातलेला, स्वतःच्या हातांनी बनवलेला. तांब्याचा पत्रा चढवलेला हायलमचा बोर्ड आणला, मार्करने रेघा काढल्या आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून नको ते तांबं खाऊन टाकलं. बाथरूमच्या फरशीवरचा पिवळा डाग अजून तसाच आहे. डिपॉझिटमधून कापला जाणार बहुतेक.

सर्किट साधंच. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली ‘फझ फेस’ नावाचा गोल चकतीसारखा पेडल काढला. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तोच. आत काय, तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. बस्स! आपल्या ऑफिसातल्या कॉफी मशीनमध्येही याहून जास्त डोकं असेल. पण सुरुवातीच्या फझ फेसमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, सिलिकॉन नंतर आलं. आणि जर्मेनियमचा तो मऊ, किंचित घोगरा आवाज पाहिजे म्हणून जगभरची पोरं जुन्या डब्यांमध्ये हात घालत फिरतात.

माझ्याकडे तो डबा होता. मिरजेच्या मामांचा. मिरज म्हटलं की लोकांना सतार आणि तंबोरे आठवतात. मामांचं दुकान मात्र रेडिओ दुरुस्तीचं. ते बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी एक बिस्किटांचा डबा त्यांनी टाकला नाही. त्यात एसी १२८ हे सहा जर्मेनियम ट्रान्झिस्टर निघाले. जुन्या रेडिओत स्पीकरला ताकद द्यायला हेच असायचे. सहांपैकी चार मेलेले. उरलेले दोन मामांनी कागदात गुंडाळून दिले. शुक्रवारी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला येणार होते, उतरणार होते माझ्याकडेच, आणि फोनवर दोनदा विचारून झालं होतं, ‘काय रे, वाजतंय का?’

वाजत होतं. कुकरसारखं.

मग भिंग घेऊन बसलो आणि एकेक पराक्रम बाहेर यायला लागला. ३३ केच्या जागी ३.३ के. पहिला नारिंगी-नारिंगी-नारिंगी, दुसरा नारिंगी-नारिंगी-लाल. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी ओळखून दाखवा, माझ्याकडून मिसळ. (मीटरवर धरून बघायला दहा सेकंद लागतात. कोण बघतो?) दुसरा पराक्रम, दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे. मी बघितलेला नकाशा सिलिकॉनचा, एनपीएन जातीचा. माझे एसी १२८ पीएनपी. यात बॅटरीचा प्लस जमिनीला जातो, सगळं उफराटं. बॅटरी आठवणीने फिरवली, कपॅसिटर फिरवायचे राहिले. आणि तिसरा पराक्रम म्हणजे कळस! जुन्या पुस्तकातलं ट्रान्झिस्टरचं चित्र खालून बघितलेलं असतं, पायांच्या बाजूने. मी ते वरून समजलो. दुसरा ट्रान्झिस्टर त्यामुळे पायाळू जन्माला आला होता, कलेक्टरच्या जागी एमिटर.

म्हणजे आता काढणं आलं. लावताना कुणीही हिरो असतो, काढताना घाम फुटतो.

रेझिस्टर सगळ्यात सोपा, कारण तो स्वस्त. मधोमध कापायचा, मग दोन तुकडे दोन स्वतंत्र पाय होतात. खालून इस्त्री टेकवायची, वरून चिमट्याने ओढायचं. (सोल्डरिंग आयर्नला आमच्याकडे इस्त्रीच म्हणतात.) तापवण्याआधी जुन्या जोडावर थोडं नवं सोल्डर घालायचं. काढायचंय तर आणखी घालायचं कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण जुना जोड वरून मळलेला असतो, उष्णता आत जात नाही. नव्या सोल्डरमधली राळ तो मळ खाते आणि सगळं एकदम पाण्यासारखं होतं. मग सकरने, म्हणजे त्या स्प्रिंगच्या पिचकारीने, ओढून घ्यायचं. भोक बुजलं तर गरम असतानाच टूथपिक खुपसायची, लाकडाला सोल्डर चिकटत नाही. कपॅसिटर एक पाय तापव, थोडा कलता कर, दुसरा तापव, पुन्हा कलता कर, असे डुलवत काढले आणि फेकून दिले. उलटा व्होल्टेज फारसा नव्हता, पण पाच रुपयांच्या वस्तूवर विश्वास का टाका?

ट्रान्झिस्टरशी मात्र गाडी अडली. त्याला कापता येत नाही. साठ-चाळीसचं सोल्डर वितळायलाच १९० अंशांच्या आसपास लागतात, आणि जर्मेनियम उष्णतेला सिलिकॉनपेक्षा कितीतरी नाजूक. दोन पाय सुटले. तिसरा हलेना. तीन सेकंद, पाच सेकंद, आणखी पाच. ट्रान्झिस्टरच्या डोक्याला बोट लावलं तर चटका. आता हा गेला तर तसा दुसरा नाही.

मामांना फोन लावला. मागे टीव्हीवर मालिका चालू होती.

‘मामा, तिसरा पाय सुटत नाहीये. तापवतोय, पण—’

‘इस्त्री बाजूला ठेव आधी. पायाला क्रोकोडाइल क्लिप लावलीस का?’

‘नाही.’

‘म्हणजे सगळी ऊन त्याच्या डोक्यात. बोर्ड केवढ्याचा आहे?’

‘बोर्ड? घरीच केलाय. असेल तीस-चाळीस रुपयांचा.’

‘मग त्याला कशाला जपतोयस? फोड.’

मालिकेतलं कुणीतरी रडत होतं. मी अर्धा मिनिट गप्प. तीन वीकएंडचा बोर्ड होता तो!

पण त्यांचं बरोबर होतं. मी आपला बोर्ड वाचवायला बसलेलो. सगळीकडे तेच सांगतात ना, तांब्याची चकती उचकटली की बोर्ड गेला, म्हणून पार्ट बळी द्या. इथे बळी द्यायचा तो बोर्डच होता. निपर घेतला आणि त्या पायाभोवतीचा हायलम कुरतडत गेलो. दाढेखाली शेंगदाणा फुटावा तसे तुकडे पडले. पाय मोकळा झाला, खाली तांब्याची टिकली लोंबत असलेला. क्लिप लावून ती दोन सेकंदांत उतरवली.

गुरुवारी रात्री भोकाच्या जागी रेझिस्टरचे कापलेले पाय पूल म्हणून टाकले, नवा ३३ के लावला (मीटरवर धरून!), कपॅसिटर सुलटे केले, पायाळूला सरळ केलं, क्लिपसकट. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज पाहिजे. मीटर म्हणाला, उणे ४.६. उणे बघून काळजात धस्स झालं, मग आठवलं, आपला प्लस जमिनीला आहे.

शुक्रवारी मामा आले. चहा झाल्यावर बोर्ड हातात घेऊन, बऱ्या डोळ्यासमोर धरून, त्यांनी तो भगदाडाचा भाग नीट बघितला. काही बोलले नाहीत. मी फझचा नॉब पूर्ण फिरवला आणि एक कॉर्ड वाजवली. खिडकीच्या काचा थरथरल्या.

‘असा आवाज यायला लागला,’ मामा म्हणाले, ‘की गिऱ्हाईक रेडिओ घेऊन माझ्याकडे यायचं. चाळीस वर्षं हाच आवाज घालवत बसलो मी.’

मग खुर्ची जरा पुढे ओढली.

‘मोठा कर बघू.’