पालक कोणाला म्हणावे?

रिद्धपूर हे महानुभावांचे महाक्षेत्र. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू येथे राहिले, म्हाइंभटांची लेखणी येथे चालली आणि 2024 मध्ये मराठी भाषेचे विद्यापीठही येथेच सुरू झाले. ही थोरवी सर्वांना ठाऊक आहे. तीतील एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानातून निसटते. गोविंदप्रभूंचे मातापिता त्यांच्या बालपणीच निवर्तले. आजोळच्या आप्तांनी त्यांना रिद्धपुरी आणले, वाढवले आणि अध्ययनाला बसवले. पालकत्वाचा कागद दाखवा, असे त्या आप्तांना कोणा उपाध्यायाने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आज त्याच वऱ्हाडात आजीचे बोट धरून शाळेच्या दारी आलेल्या लेकराला हा प्रश्न सर्वांत आधी ऐकावा लागतो. अशी लेकरे थोडी नाहीत. कोणाच्या बापाने कर्जापायी आत्महत्या केली, कोणाच्या आईने दुसरा संसार मांडला, कोणाचे आईवडील 2020–21 च्या महामारीत गेले, कोणाचे पोटासाठी दूर शहरी आहेत. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींची योजना जाहीर केली. अमरावती आणि अकोला त्यांत होते. तीत कर्जावरील व्याजाचा आणि सिंचनाचा हिशोब होता. मागे उरलेल्या मुलांचा भार मात्र आजोबांनी, मामांनी आणि काकूंनी मुकाट्याने उचलला.

त्या आजीपाशी शाळा काय मागते? वडिलांची सही. ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, आईचे संमतिपत्र, नाहीतर न्यायालयाचा हुकूम. जातीचा पुरावा बापाच्या घरी आणि मूल आईच्या माहेरी. दोन्ही घरांत बोलणे नाही. न्यायालयाचा हुकूम म्हणजे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालील अर्ज, वकिलाची फी, तारखा आणि दर तारखेला बुडणारी मजुरी. तोवर शाळेचे वर्ष सरते.

हा सारा खटाटोप कशासाठी? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाची व्याख्या दुसऱ्याच कलमात केली आहे. ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा आहे तो पालक. न्यायालयाने नेमलेला पालक हा त्यातला केवळ एक प्रकार. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला ताटकळत ठेवता येत नाही, मुदत टळली म्हणूनही परत पाठवता येत नाही. मग कायदा न मागणारे कागद कार्यालयातील बाबू कोणत्या अधिकाराने मागतात?

उत्तर मिळते, 'उद्या खरे आईबाप येऊन भांडले तर? मूल पळवून आणलेले असले तर?' शंका अगदीच पोकळ नाही. परंतु तिचे निरसन करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे. संशय आला तर तिला कळवावे आणि मुलाला वर्गात बसवून कळवावे. पळवून आणलेल्या मुलाला तरी शाळेबाहेर ठेवून कोणते संरक्षण मिळते? वर्गातले मूल निदान शिक्षकाच्या नजरेसमोर राहते.

येथवर आपण शासनाकडे बोट दाखवले. आता ते स्वतःकडे वळवू. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्याविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. आपल्याला मिळालेली सवलत आपल्या संस्थांचे स्वत्व जपण्यासाठी होती. पोरक्या मुलाला दारातून परतवण्याची मुभा म्हणून ती कोणी वापरील तर तो तिचा उघड दुरुपयोग होय. कायदा जेथे थांबतो तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीही थांबावी काय? आपल्या कितीतरी शाळांच्या कमानीवर संत योसेफाचे नाव आहे. स्वतःच्या रक्ताचे नसलेले बाळ ज्याने सांभाळले, त्याच्या नावाच्या शाळेत सांभाळणाऱ्या मामाची सही चालू नये, याहून मोठी विसंगती कोणती?

म्हणून व्यवस्थापकांपाशी मागणे स्पष्ट आहे. प्रवेश अर्जावर 'वडिलांचे नाव' या रकान्याखाली 'सांभाळ करणाऱ्याचे नाव व नाते' असा रकाना छापावा. सरपंचाचे किंवा धर्मगुरूचे साधे पत्र तूर्त पुरेसे मानावे आणि उरलेले कागद मिळवून देण्यात शाळेनेच मदत करावी. दरमहा 2250 रुपये देणाऱ्या शासनाच्या बाल संगोपन योजनेची माहिती त्याच टेबलावर मिळावी. धर्मग्रामांतील संत विन्सेंट दी पॉल संघांनी अशी घरे शोधून आजीबरोबर शाळेत जावे. एकट्या म्हाताऱ्या बाईला जे नाकारले जाते ते चार माणसांना नाकारणे जड जाते.

हे सारे करायला न नवा कायदा लागतो, न पैसा. येत्या जूनचे अर्ज अजून छापायचे आहेत, तोवर तो एक रकाना तरी वाढवू या.